मूळ कागदांशिवाय नागपूर

मिरजेहून नागपूरला जायचं तर गाडीत एक अख्खा दिवस आणि एक रात्र काढावी लागते. एवढ्या वेळात माणसाला दुसऱ्याचा हेवा अगदी निवांत करता येतो. मी प्रणालीचा केला. पुण्यापर्यंत तिच्या पगाराचा, मनमाडपर्यंत तिच्या आठवड्याच्या सुट्टीचा, आणि भुसावळनंतर झोप लागेना तेव्हा तिच्या नशिबाचा.

आम्ही दोघी एकाच वर्गातून बी.एस्सी. नर्सिंग झालो. ती नागपूरची; प्रवेशाच्या फेरीत जागा आमच्याकडे लागली म्हणून चार वर्षं आमच्या हॉस्टेलवर राहिली. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, गुण माझेच थोडे जास्त. पास झाल्यावर ती घरी परतली, मी मिरजेत राहिले. आज रामदासपेठेतल्या एका मोठ्या इस्पितळात तिला माझ्या दुप्पट पगार आहे. अतिदक्षता विभागात तिच्याकडे दोन रुग्ण असतात. माझ्या वॉर्डात एकटीकडे अठरा. मिरजेत दवाखाने पुष्कळ, पण दरवर्षी पास होणाऱ्या मुली त्याहून पुष्कळ. एक गेली तर दारात दुसरी उभी असते, हे मालकाला ठाऊक असतं. सलाइनची सुई सगळीकडे सारखी, मग ती लावणाऱ्या हाताची किंमत जिल्हा बदलला की का बदलते? हा प्रश्न मी गाडीत वहीत लिहिला आणि खाली दोनदा रेघ ओढली.

तिच्या इस्पितळात जागा निघाल्याचं प्रणालीनंच कळवलं होतं. गुरुवारी मुलाखत होती. मी ड्यूटीवर तापाचं कारण सांगून निघाले. पिशवीत सगळ्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स होत्या. फक्त झेरॉक्स. मूळ कागद मिरजेच्या इस्पितळात, मेट्रनबाईंच्या लोखंडी कपाटात होते. आमच्या इस्पितळाची रीतच ती: देवळाबाहेर चपला काढाव्यात तसे रुजू होताना मूळ कागद काढून द्यायचे, दोन वर्षं भरली की परत मिळतात. माझे अजून दहा महिने राहिले होते. प्रणालीला हे ठाऊक नव्हतं. मुलाखतीत झेरॉक्सवर भागेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

नागपूरला सकाळी उतरले. डिसेंबरचं ऊन होतं तरी लोक स्वेटर घालून उन्हाच्याच बाजूनं चालत होते. रस्ते रुंद, झाडं जुनी. मेट्रोत मला चक्क बसायला जागा मिळाली, आणि वरून शहर बघताना मी त्या जागेचाही हेवा केला. ही गाडी प्रणालीला रोज मिळते.

मनीषनगरमध्ये तिचं दोन खोल्यांचं घर आहे. वडील वायरमन, आई शिवणकाम करते. काकूंनी माझ्यासाठी सांबारवडी केली होती. सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर) इतका भरलेला की वडी मोडली की हिरवीगार. सोबत कढी. मी चार खाल्ल्या तेव्हा काकू म्हणाल्या, मिरजेत पोरीले उपाशी ठेवतेत का वं? मी पाचवी घेतली.

प्रणाली ड्यूटीवरून यायची होती. तेवढ्यात काकूंनी तिच्या नोकरीची कथा सांगितली. पहिल्या दोन इस्पितळांनी तिच्याकडे मूळ कागद मागितले. तिनं दिले नाहीत. आठ महिने घरी बसली. वडील रोज बोलत, शेजारणी विचारत. मग हे कागद ठेवून न घेणारं इस्पितळ मिळालं. "हे पोरगी आयकेच ना," काकू म्हणाल्या. "म्हणे, राजश्रीनं लिहून देल्लं आहे, कागद द्याचा नाही म्हणजे नाही."

राजश्री म्हणजे मी. इथे थोडं मागे जावं लागेल. माझे वडील इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते. आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. शेवटच्या वर्षाला मीही एक पत्रक लिहिलं आणि मेसच्या भिंतीवर चिकटवलं. "मूळ कागद म्हणजे आपले हात. हात कुणी कपाटात ठेवून कामाला जातं का?" मुलींनी टाळ्या वाजवल्या. प्रणालीनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिनं ते वहीत उतरवून घेतलं होतं. आणि मी, लिहिणारी, पास झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात पहिल्या मागणीला फाइल मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवून आले. घरी वडील आजारी होते, हे खरं आहे. दुसरीकडे विचारायलाही मी गेले नाही, हेही खरं आहे.

काकूंच्या समोर बसून मला जो हेवा वाटला तो गाडीतल्या हेव्यासारखा नव्हता. पगार दुप्पट असला तर भांडता येतं, मोर्चा काढता येतो. पण माझंच वाक्य माझ्यापेक्षा तिनं नीट जगून दाखवलं, त्याविरुद्ध कुणाकडे दाद मागायची?

दुसऱ्या दिवशी मुलाखत. इस्पितळाच्या बाकावर माझ्या शेजारी काटोलची एक मुलगी होती, पहाटेच्या बसनं आलेली. तिनं पिशवीतून संत्रं काढून अर्धं मला दिलं. काटोलच्या छोट्या दवाखान्यात तिला माझ्यापेक्षाही कमी मिळत होतं. फरशी पुसायलाही तीच, म्हणाली. तिची बहीण बंगळुरूला आहे, आणि तिथल्या मुली दुबईचे फॉर्म भरतात. माझा पगार ऐकून तिचे डोळे मोठे झाले. "मग तुम्ही काहून सोडून राहिल्या?" तिनं विचारलं. आपला हेवा करणारं कुणीतरी भेटलं याचं मला क्षणभर बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

नर्सिंग प्रमुख एक मलयाळी बाई होत्या, तीस वर्षं नागपुरात मुरलेल्या. त्यांनी औषधाची मात्रा काढायला लावली, हाताच्या मॉडेलवर शीर शोधायला लावली. मी दोन्ही बिनचूक केलं. त्या खूश दिसल्या. मग म्हणाल्या, ओरिजिनल दाखव.

मी म्हटलं, घरी विसरले.

त्यांनी चष्मा खाली केला. "विसरली, का ठेवून आली?"

त्यांनी माझ्या झेरॉक्स एका टाचणीत अडकवल्या. "पुढच्या शुक्रवारपर्यंत आण. मी बघते आणि हातात परत देते. माझ्याकडे कपाट नाही."

बाहेर प्रणाली थांबली होती. आम्ही रस्त्यापलीकडच्या गाडीवर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री (तिखट रस्सा) ओततात. दुसऱ्या घासाला माझं नाक वाहू लागलं, तेव्हा गाडीवाल्यानं न विचारता कांदा वाढला. डोळ्यांत पाणी असताना सांगणं सोपं जाईल असं वाटलं, म्हणून मी तिथेच सांगितलं. कागद कुठे आहेत, कधीपासून आहेत, सगळं.

प्रणालीनं चमचा ठेवला. रागावेल असं वाटलं होतं. ती हिशोब लावल्यासारखी बघत राहिली.

"म्हणजे मी घरी बसून होती, तवाच तुहे कागद कपाटात होते," ती म्हणाली.

"हो."

"मी तुले दर आठवड्याले फोन करे. बाबा बोलून राहिले, काय करू म्हणे. तू काय सांगे मले?"

मी 'ठाम राहा' असं सांगत असे. तिला ते पाठ होतं, मलाही.

"काहून वं?"

खरं उत्तर असं होतं की ती डगमगली असती तर माझं पत्रक मेलं असतं, आणि ते जिवंत ठेवायला मला तिचे आठ महिने स्वस्त वाटले. मी तसंच सांगितलं. गाडीवाला तर्री ढवळायचा थांबला.

मग तिनं माझी बशी स्वतःकडे ओढून उरलेले पोहे खाल्ले. "दुप्पट पगार माह्या नशिबाचा नाही," ती म्हणाली. "आठ महिन्यांचा आहे. आता जाय अन् कागद आण. आणले तर माह्या घरी राहाय, खोली शोधू नको. नाही आणले तर पुन्हा पत्रक लिहू नको."

स्टेशनवर ती सोडायला आली. काकूंनी दिलेला सांबारवडीचा डबा हातात दिला आणि गाडी सुटायच्या आधीच वळून गेली.

परतीच्या वाटेवर वही उघडली नाही. मिरजेत पगार कमी आहे, काटोलला त्याहून कमी आहे, ते अन्यायाचं आहे आणि मी ते म्हणत राहणार. पण या वेळी गाडीत मला दुसरं कळलं: मी ज्या कपाटाविरुद्ध लिहीत होते त्याची किल्ली मागायला मी एकदाही गेले नव्हते.

मिरजेला उतरून खोलीवर न जाता मी थेट इस्पितळात गेले. मेट्रनबाई म्हणाल्या, बॉन्ड आहे, दहा महिने थांब. मी म्हटलं, मग कागद देणार नाही असं लिहून द्या. कागद अडकवून ठेवणं कायद्यात बसत नाही, म्हणून लेखी नकार त्या कधीच देत नाहीत. वरती विचारते म्हणाल्या, आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

बाकावर एक नवी मुलगी होती, इस्त्रीचा पांढरा गणवेश, मांडीवर फाइल. तिनं मला विचारलं, मूळ कागद इथेच जमा करायचे ना?

पूर्वी मी तिला पत्रकातलं वाक्य म्हणून दाखवलं असतं. मी म्हटलं, "मी केले होते. तेच परत मागायला बसलेय. मिळतील की नाही, माहीत नाही."

आतून हाक आली. मी उठले. तीही उठली आणि फाइल छातीशी धरून माझ्या मागे दारात उभी राहिली, आधी माझे मिळतात का ते पाहायला.