करकोचे जाईपर्यंत

जुन्नरच्या बाजारात हरभऱ्याची ओली जुडी उचलली आणि पानांवरची आंब, ते खारट दव, बोटांना लागली. त्या आंबट वासानं तेराव्या वर्षातली एक सकाळ आठवली.

आळे गावातल्या आमच्या शेतात माझे वडील, आबा, आणि मी रात्रभर हरभऱ्यावर अंथरलेलं धोतर उचलून पिळत होतो. त्यात टिपलेली आंब आई पोटदुखीसाठी बाटलीत भरून ठेवायची. तेवढ्यात करकोच्यांचा थवा ओरडत डोक्यावरून निघाला. मी मान वर करून बघतच राहिले.

"सातवी झाली की तुझी शाळा बास," आबा म्हणाले. "शेतात माणूस पायजे. नको असंल तर आत्ताच सांग."

शाळा सोडणं नकोच होतं. थवा जाऊ दे, मग सांगू, असं वाटलं. थवा लांबलचक होता. तो डोंगराआड गेला तेव्हा आबा बांधावरच्या आईला ओरडून सांगत होते, "काय बोलली न्हाई गं! राजी हाय पोरगी!"

पुढं कधी विषय निघाला की आबा म्हणायचे, "तुला इचारलं व्हतं."

विचारलं होतं, हे खरंच आहे.

करकोचे अजून हिवाळ्यात आळ्यावरून जातात. ओरडणं ऐकू येतं. मी हातातलं काम थांबवत नाही.