वडाच्या फांदीवरचा चुना

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही – तिथंसुद्धा मी भलतंच काहीतरी पुटपुटून उठतो. आज तुम्हाला का सांगतोय? ते माझं मलाही नीट कळलेलं नाही. पण सांगतो.

एकोणीसशे पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मी रस्त्याच्या खात्यात कारकून होतो. चिंचवड सोडून देहूरोडकडं निघालं की मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना वड होते. एका गावापाशी तर त्यांच्या फांद्या वर एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की रस्त्यावर मांडवच घातलाय म्हणावं. त्या सावलीत मंगळवारचा बाजार भरायचा. एसटीची वाट बघणारी माणसं तिथंच टेकायची, आणि गावाच्या निम्म्या सोयरिकी तिथं बसून जुळायच्या.

पण तिकडं पिंपरीला कारखाने उभे राहायला लागले. यंत्रांच्या उंच पेट्या लादलेल्या लॉऱ्या सुरू झाल्या. फांदी चुकवायची म्हणून ड्रायव्हर लॉरी रस्त्याच्या मधोमध घ्यायचे – समोरून बैलगाडी आली की काय होत असेल? दोनदा बैल जायबंदी झाले होते.

वरून हुकूम आला, आड येणाऱ्या फांद्या उतरवा. गावानं अर्ज केला, झाडं बोडकी करू नका. आमचे साहेब समंजस होते. त्यांनी मधला मार्ग काढला. झाड एकही पाडायचं नाही. कारकुनानं बघून चुन्याची खूण करायची, आणि खूण असेल तेवढीच फांदी मैलकुल्यानं तोडायची.

म्हणजे मी खूण करायची. आणि तोडायची धोंडिबानं. धोंडिबा आमचा मैलकुली – दोन मैल रस्ता त्याच्या जिम्म्याला. खड्डे त्यानं बुजवायचे, झाडं त्यानं राखायची. वीस वर्षं त्यानं ते केलं होतं. पुष्कळ वडांना त्यानं स्वतः खांद्यावरून पाणी आणून जगवलं होतं.

खुणा करत मी गावापाशी आलो तर बायका वाट बघत उभ्या. पुढं गोदाआक्का – गावातली सगळ्यात जाणती बाई. रस्त्यावर आडव्या गेलेल्या एका जाड फांदीकडं हात करून म्हणाली, "भाऊसाहेब, बाकी काय तोडायचं ते तोडा, पर एवढी ठिवा. पंचमीचा झोका हितंच बांधत्यात. माझी सासू झुलली हितं, मी झुलले. लेकी म्हायेराला येत्यात त्या हिच्यासाठी."

आणि तिनं माझ्या हातात नारळ दिला. मला, कारकुनाला. तोवर मला कुणी कधी नारळ दिला नव्हता – खरं सांगतो, मी त्या नारळानं फुगलो.

धोंडिबा माझ्याबरोबरच होता. त्यानं झाडावर चढून कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू त्या फांदीवर हाणली. मग उतरून, मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "ही ठिवू नका, भाऊसाहेब. आतनं पोकळ हाय. आवाज ऐकलासा न्हवं?"

ऐकला होता. ढोलासारखा आवाज. मला ऐकू आलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

"राहू दे रे," मी म्हणालो. "गावाचं मन मोडायचं का?"

त्या फांदीवर मी खूण केली नाही.

पंचमी झाली. झोका बांधला गेला. मला गोदाआक्काच्या घरी दिंडं खायला बोलावणं आलं, आणि मी गेलोही.

त्यानंतर महिन्याभरानं, भर दुपारी, एका लॉरीची वरची पेटी त्या फांदीला लागली. फांदी मुळातून निखळून खाली आली. खाली एक कामगार सायकलची उतरलेली साखळी बसवत होता. साताऱ्याकडचा, गणपत नावाचा. हे नाव नंतर कळलं. मी फर्लांगभर अंतरावरच्या आमच्या खात्याच्या चौकीत होतो. आवाज ऐकून धावलो. लोकांनी त्याला उचलून त्याच लॉरीत घातलं आणि दवाखान्याकडं नेलं. त्याचा डबा रस्त्यावर उघडा पडला होता. भाकरी, त्यावर ठेचा. कुणीतरी पोलीस पाटलाला बोलवायला पळालं. बाकीचे लॉरीमागं गेले.

मी आणि फांदी – दोघंच उरलो.

आता काय सांगू? मी चौकीत गेलो. चुन्याचा डबा घेतला, कुंचला घेतला, परत आलो, आणि पडलेल्या फांदीवर खुणेचा पट्टा ओढला. वर धूळ चोळली, जुना दिसावा म्हणून. कापत असतील हात, असं तुम्हाला वाटेल. नाही कापले. पट्टा सरळ आला. तिथं एका माणसाचं रक्त अजून ओलं होतं, आणि मी मान तिरकी करून बघत होतो – पट्टा नीट आलाय ना? तो माणूस मी होतो, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

गणपत संध्याकाळच्या आतच गेला. साहेब आले. धोंडिबा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याला बोलावून आणलं.

"खूण असताना ही फांदी का ठेवलीस?" साहेबांनी विचारलं.

धोंडिबा वाकला. पट्ट्यावरून बोट फिरवलं. धुळीखाली अजून ओलसर असलेला चुना बोटाला लागला. अंगठ्यानं तो त्यानं सावकाश चोळला, आणि माझ्याकडं बघितलं. आता बोलेल. आता सगळं सांगेल –

"व्हय साहेब," तो म्हणाला. "राहिली."

एवढंच. का? मैलकुल्याचं कोण ऐकणार, म्हणून? की माझी कीव आली? मी कधी विचारलं नाही. विचारायला चार वर्षं होती माझ्यापाशी.

त्याला काढून टाकलं. आणि साहेबांचा समंजसपणाही संपला. आता जोखीम नको म्हणाले. गावाजवळचे सगळे वड पाडायचा हुकूम निघाला. बारा दिवस करवती चालत होत्या. शेवटच्या दिवशी धोंडिबा बिऱ्हाड डोक्यावर घेऊन गावातून निघाला तेव्हा गोदाआक्का रस्त्यात आडवी आली. "मुडद्या, एक फांदी तोडायला तुझा हात मोडला व्हता व्हय रं? माणूस मारलास, झाडं घालिवलीस!" ती ओरडत होती. ती फांदी आपणच मागून ठेवली हे ती विसरली होती, की तिलाही विसरायचं होतं? त्याची बायको खाली मान घालून रडत होती. त्यानं डोक्यावरचं ओझं सावरलं आणि तिला वळसा घालून पुढं गेला. मी पाच हातांवर उभा होतो, छत्री उघडून. सावली उरली नव्हती ना.

तो देहूरोडला हमाली करत राहिला. चार वर्षांनी तिथंच तापानं गेला. मला मात्र बढती मिळाली.

गेल्या महिन्यात त्या गावाला एसटीसाठी थांबलो होतो. शेजारी एक नवखा माणूस ऊन लागतंय म्हणून कुरकुरत होता. दुकानदार त्याला सांगायला लागला, "लई वड व्हते हितं. धोंडिबा म्हणून एक मैलकुली व्हता, त्याच्या आळसापायी गेले. माणूसबी मेला." मग त्यानं मला ओळखलं. "ह्ये भाऊसाहेब तवा हितंच व्हते की. व्हय की न्हाई, भाऊसाहेब?"

मी "हो" म्हणालो.