अर्ध्यावर थांबवलेला धवला

“ह्यांना जरा मागे घ्या. वास येतोय.”

हे माझ्या आईबद्दल बोललं गेलं. बोलणाऱ्यानं हळू आवाजात सांगितलं, पण समोरचा माईक चालू होता. मांडवातल्या सगळ्यांनी ऐकलं. कुणीतरी फिसकन हसलं.

आई पहिल्या रांगेत बसली होती. तिला तिथं बसवायचं कबूल केलं होतं म्हणून. पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला भाताची एक जुनी बंद गिरण होती. तिच्या जागेवर टॉवर उठणार होता, त्याचं भूमिपूजन होतं. बिल्डरचा मॅनेजर आदल्या आठवड्यात स्वतः आमच्या दारात आला होता. “मावशी, तुमचा धवला झालाच पाहिजे. आपली संस्कृती आहे.” असं म्हणून चहा पिऊन गेला होता. त्याच मॅनेजरनं आता तिला उठवलं.

आई बाजारात सुकट विकायची. बोंबील, जवळा, सोडे. लोक नाकाला रुमाल लावतात ते तिला ठाऊक होतं. म्हणून त्या सकाळी तिनं दोनदा अंघोळ केली. नवं लुगडं नेसली. वासावर वास म्हणून मोगऱ्याचा भरगच्च गजरा माळला. वास येत नव्हता. आणि आला असता तरी काय? त्या सुकटीवर माझी बारावी झाली, त्या सुकटीवर माझी शिलाई मशीन आली.

आई उठली. पदर सावरला आणि मागे जाऊन जाजमावर बसली. मी तिच्या शेजारी. तिचा हात माझ्या मनगटावर होता, घट्ट. उठू नकोस, असं सांगणारा.

आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते. लग्नातली गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी बाई. पण ती नुसती गाणारी नव्हे. तिनं आवाज लावल्याशिवाय हळद लागत नाही. आधी ती देवांना बोलावते, गावदेवीला, शिवेवरच्याला, खाडीवरच्याला. मग ज्याचं घर, त्याचे मेलेले. एकेकाचं नाव घेऊन. ते येतात, मांडवात बसतात. आई तसंच मानायची. सगळं पार पडलं की तीच मूठभर तांदूळ टाकून त्यांना निरोप देते. बोलावणं आणि निरोप यांच्या मधे धवलारिणीला कुणी थांबवत नाही. भटजीसुद्धा घड्याळाकडे बघत गप्प उभा राहतो.

भूमिपूजनाला धवला म्हणत नाहीत. मी आईला तसं म्हटलंही होतं. ती म्हणाली, “आपलाच घर होनार हाय ना तो? त्याचा लगीन समज.”

आपलं घर. ते कसं, ते सांगायला हवं.

गिरण यासीनचाचांची होती. शेतं गेली, भात गेलं, गिरण बंद पडली. यंत्राचा मधला पट्टा तेवढा चाचा अधूनमधून चालवून बघायचे, गंज धरू नये म्हणून. धप्, धप्, धप्. बाकी शेड रिकामी. मग एकदा आईनं विचारलं, चार बायकांना धवल्याची तालीम करायला जागा मिळेल का? चाचा म्हणाले, “बेटी, गिरण बंद झाली म्हणून जागेला मुकी करू काय मी? या. वीज जाळाल तेवढी भरा.”

आम्ही गेलो तशी इतर माणसं आली. गौतमदादाची भीमगीतांची गायनपार्टी आली, हार्मोनियम सायकलला बांधून. सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या केरळच्या जॉली सिस्टर आल्या. रविवारी त्या पोरांना चर्चची गाणी शिकवायच्या. उत्तरेकडून आलेले बँडवाले आले, त्यांनी तर कायमचाच कोपरा धरला. रमजानमध्ये चाचांच्या घरून खजूर यायचे आणि चौदा एप्रिलला गौतमदादाकडून खीर. भांडणंही व्हायची. आमच्या धवल्यात ट्रम्पेट घुसला की आई बँडवाल्यांच्या सात पिढ्या काढायची. ते हसायचे, आणि वाजवायचे थांबायचेही.

मी गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या खोपटात मशीन टाकलं होतं. बँडवाल्यांचे डगले, गायनपार्टीचे निळे झब्बे, नाताळच्या नाटकातले देवदूतांचे पंख, सगळं माझ्या हातचं. शेजारी खानावळ. वर पत्र्याच्या खोल्या. त्या गल्लीत कुणाला जात विचारून खोली मिळत नव्हती, आणि कुणाचा चुलीवरचा वासही कुणाला लागत नव्हता.

गल्ली स्वस्त का होती, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या आवाजामुळे. दिवसभर ढोल, ट्रम्पेट, हार्मोनियम, धवला. अशा ठिकाणी कोण साहेब राहायला येतोय? येत नव्हता, म्हणून भाडं चढत नव्हतं. म्हणून नर्स, गायक, शिंपीण, बँडवाला एका गल्लीत राहू शकत होते. आमची घरं कुठल्या योजनेनं राखली नव्हती. आमच्या गाण्यानं राखली होती.

मग विमानतळ येणार, विमानतळ येणार सुरू झालं. जमिनीला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास चाचा गेले. वारस आखातात. त्यांनी विकलं. त्यांना मी दोष देत नाही, इथल्या भल्याभल्यांनी विकलं. जागा रिकामी करून घ्यायला बिल्डर आला तेव्हा सगळे अडून बसले. तो शेडमध्ये येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “तळमजल्यावर हॉल देतो. तुमचाच. असाच वापरा. शब्द देतो.”

कागद मागायचा हे कुणाला सुचलं नाही. आमच्यात मांडवात दिलेला शब्द फिरवत नाहीत. सोयरिकी मोडतात, पण मांडवातला शब्द मोडत नाही. आईनं ती शेड मांडवच मानली होती. तिथंच आम्ही फसलो.

तर त्या दिवशी मॅनेजरनं खूण केली. आई मागूनच उठली, उभी राहिली आणि आवाज लावला. तिचा आवाज बारीक नव्हता. खाडीपलीकडून हाक मारावी तसा होता. मांडव गप्प झाला. तिनं गावदेवीला बोलावलं. गव्हाणपासून पळस्प्यापर्यंतच्या शिवेवरच्या देवांना बोलावलं. खाडीला बोलावलं. मग ज्याचं घर, त्याचे मेलेले. घर कुणाचं?

“ये रं यासीनदादा, तुजे दारान ये,
तुजे गिरनीन आज मांडव घातलाय...”

खुर्च्यांत हालचाल झाली. कुणीतरी पुजाऱ्याच्या कानाशी लागलं. मॅनेजर धावत आला. त्यानं आईच्या खांद्याला हात लावला. धवलारिणीला. धवला चालू असताना.

“बस झालं, मावशी. हे नाव इथे कशाला? पाहुणे बसलेत. बस.”

आणि स्पीकरवर सनई लावली.

आईचं तोंड उघडंच राहिलं होतं. पुढची ओळ तिच्या जिभेवर होती, ती मला दिसत होती. तिनं ती गिळली. जेवणाच्या वेळी आम्हाला मागच्या बाजूला, रेतीच्या ढिगाजवळ पत्रावळी मांडल्या होत्या. पाहुण्यांना टेबलं. आम्ही जेवलो नाही. चालत निघालो. पुलावर आल्यावर आई थांबली, मागे वळून बघितलं आणि म्हणाली,

“अर्ध्यान थांबवलान गो मला. बोलवलेल्यांना आता परत कोन धाडनार?”

तिला अपमानाचं दुःख नव्हतं असं नाही. पण तो तिच्या ओळखीचा होता. ही भीती मात्र नवी होती. पाहुणे बोलावून दार लावून घेतल्यासारखं झालं होतं तिला. त्यानंतर आईनं धवला म्हटला नाही. एक अर्धा असताना दुसरा सुरू करता येत नाही, असं ती म्हणायची. लग्नघरची माणसं येऊन पाया पडायची. ती मान हलवायची. नाय. जिच्या आवाजानं अर्ध्या तालुक्याची लग्नं लागली ती बाई घरातसुद्धा खालच्या आवाजात बोलू लागली. शेवटच्या आजारात तिनं मला जवळ बसवलं आणि निरोपाचा धवला पुटपुटत पूर्ण म्हणून दाखवला. म्हणाली, “तुला ठावा हाय आता. कवा द्याचा, द्याचा का नाय, तो तू ठरव.”

माणूस मारायला हत्यार लागत नाही. मधेच सनई लावली तरी पुरतं.

टॉवर झाला. हॉलही झाला. काचेची दारं, झुंबर, आणि बाहेर पाटी: फक्त सभासदांसाठी. मांसाहार नाही, ढोलताशा नाही, बाहेरच्यांना प्रवेश नाही. आमच्या तोंडाला पानं पुसली. गल्लीत आवाज राहिला नाही, आणि आवाज गेल्याबरोबर भाडं चढलं. पत्र्याच्या खोल्या पाडून पार्किंग झालं. गौतमदादा पळस्प्याच्या पुढे गेला, तिथं हार्मोनियम काढली की शेजारी भिंत ठोकतात. जॉली सिस्टर बदली मागून गेल्या. बँडवाले कुठे गेले मला माहीत नाही. मी सुकापूरला एका गाळ्यात मशीन टाकलं. त्या टॉवरमधल्या लोकांचे पडदे मी शिवते. हसायचं असेल तर हसा.

मागच्या महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी गाळ्यात आले. सभ्य गृहस्थ. आधी पडद्यांचं बोलले. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, “तुमची आई ती गाणी म्हणायची ना?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भर दुपारी खालच्या पार्किंगमध्ये धप् धप् आवाज येतो. पंप बदलला, जनरेटर बंद ठेवला, तरी येतो. लिफ्टमध्ये वास येतो. कधी भाताच्या कोंड्याचा, कधी सुक्या मासळीचा. वॉचमन टिकत नाहीत. दोनदा शांती केली. शेवटी कुणा जुन्या माणसानं त्यांना सांगितलं की इथे एका बाईला धवल्यात थांबवलं होतं.

“वास येतो?” मी विचारलं.

“फार,” ते म्हणाले. त्यांना त्यातलं काही कळलं नाही.

मी गेले. का गेले? बघायला. गेटवर वॉचमननं मागच्या दारानं जायला सांगितलं, कामवाल्या बायका तिकडून जातात. मी म्हटलं, सेक्रेटरींना सांग, पुढून येऊ देणार असाल तर येते. ते स्वतः धावत आले. गरज माणसाला गेटपर्यंत आणते.

हॉलमध्ये मी एकटी मधोमध उभी राहिले. कमिटीचे लोक भिंतीला लागून. थंडगार एसी. आणि माझ्या तळपायांना ते लागलं. धप्. धप्. पट्ट्याचं. कोंड्याचा वास आला, ओला, लहानपणीचा. कुठंतरी ट्रम्पेट चुकीचा सूर लावत होता, आणि आई त्याला शिव्या देत होती. पंप असेल. माझं मन असेल. मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. पण तिथं परकं कुणी नव्हतं. माझी माणसं बसली होती तिथं. इतकी वर्षं, जेवल्याशिवाय, उठा म्हणण्याची वाट बघत.

डोळ्यांत पाणी आलं. सेक्रेटरींना वाटलं, मी सुरू करते आहे. कुणीतरी तांदळाचं ताट पुढे केलं.

“तुमच्या लोकांचं काहीतरी इथे राहिलंय,” ते म्हणाले. “तेवढं घेऊन जा. काय द्यायचं ते सांगा.”

घेऊन जा. जसं काही आम्ही घमेलं विसरलो होतो.

मी ताटाला हात लावला नाही. म्हटलं, “हा हॉल द्यायचा शब्द होता. ढोलासकट, हार्मोनियमसकट, आमच्या डब्यांतल्या मासळीसकट. तो शब्द पाळा. त्या दिवशी आई थांबली तिथून पुढे मी म्हणते.”

“हॉल सभासदांचा आहे, बाई.”

“मग त्यांनाही सभासद समजा. ते तुमच्या आधीपासून आहेत.”

“तुम्ही धमकी देताय का?”

“नाही. मी काहीच करत नाही. मी फक्त निरोप देत नाही.”

पुढच्या दारानं बाहेर आले. मागून कुणी हाक मारली, वळले नाही. पुलावर आई थांबली होती तिथं थांबले. तिनं मागे वळून बघितलं होतं ते भीतीनं. मीही बघितलं, पण मला भीती नव्हती. टॉवरच्या काचांवर ऊन होतं.

आता रविवारी सुकापूरच्या गाळ्यात शटर अर्धं ओढून मी माझ्या लेकीला धवला शिकवते. वरच्या मजल्यावरून ओरडा येतो, आम्ही आवाज कमी करत नाही. सगळा शिकवते. बोलावण्याचा, हळदीचा, निरोपाचा. आणि तो निरोप कोणत्या इमारतीत म्हणायचा नाही, तेही.