कुकरमधला प्लाय

आमचा नागभीडचा सुतार कमी बोलतो. पटलं नाही, की कानामागची पेन्सिल काढून नुसता चावत बसतो.

तरुणपणी सागवानी पलंगावर मी महाराणीसारखी मिरवायची, डोक्यात भुसा. तो भुसा अजून आहेच, म्हणून सिंकखालच्या कपाटालाही सागवानच हवं, असा हट्ट धरला. "प्लाय पाण्यानं सुटतो," मी ठणकावलं. त्यानं पेन्सिल चावली.

थोड्या वेळानं कुकरची शिट्टी झाली. मी तर काहीच लावलं नव्हतं! धावत गेले, तर हा वाफ सोडून कुकरमधून चिमट्यानं प्लायचा तुकडा काढत होता.

"अगं आई! भाऊ, हे काय करून राह्यले?"

त्यानं वाफाळता तुकडा उलटसुलट दाखवला. एकही पापुद्रा सुटला नव्हता.

"चांगला प्लाय नाई सुटत, बाई. सिंकखाली सागवान काऊन सडवता? घ्या कुकर, वरण लावा."