उपरण्याखालचा एक डोळा

लोणावळ्यापासून वडगावपर्यंत साऱ्या मावळात माझ्याशी सौदा करून जिंकलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आमच्या बाजारातले गुरांचे डॉक्टर. स्टेशनावर पोती वाहत वाहत मी तांदळाचा व्यापारी झालो. मला बुडवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी समजत होतो. या गृहस्थांनी मला एका डोळ्याला बुडवलं.

नव्या पैशांची अजून सवय व्हायची होती, तेव्हाची, तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. डॉक्टर जनावरांना 'अहो' म्हणायचे आणि माणसांना 'अरे'. दवाखान्यात म्हैस आली की "या बाई, दमलात?" आणि तिच्या मालकाला "तू बाहेर थांब." जनावराचं औषध ते आधी स्वतः चाखायचे. एकदा जुलाबाचं चाखलं, तेव्हा बैल ठणठणीत झाला आणि दवाखाना दोन दिवस बंद राहिला. भर थंडीतसुद्धा काळी छत्री उघडून चालायचे. का, तर मागून चालणाऱ्या दोन कुत्र्यांना सावली लागते म्हणून.

माझ्या गोदामात उंदरांवर पहारा करणारी एक मांजर होती. तिचं नाव हवालदारीण. तिच्या दोन्ही डोळ्यांवर दुधाळ पडदा चढला. ती खांबांना धडकू लागली, उंदीर तिच्या शेपटीवरून ये-जा करू लागले. "गाडीखाली येऊन मरेल," आई म्हणाली, "पोत्यात घाल आणि उर्शाच्या रानात सोडून ये." मी निघालोही. पाय जड झाले होते, म्हणून वाटेत भेटेल त्याच्यावर खेकसत होतो. तेवढ्यात बाजारात डॉक्टर आडवे आले. ओरडणारं पोतं त्यांनी उघडलं. "अहो बाई, तुम्हाला मोतीबिंदू झालाय," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "अरे, काढता येईल. फक्त पुरता पिकू दे."

शेजारी आंबीचा एक शेतकरी उभा होता. "मंग आडीत घाला की तिला! आंब्यावानी आट दिसांत पिकंल!" सारा बाजार हसला.

डॉक्टर हसले नाहीत. तळेगावच्या एका नेत्रशिबिरात दिवा धरायच्या निमित्तानं उभं राहून त्यांनी माणसांचे मोतीबिंदू काढताना पाहिले होते. आता ते खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणून रोज सकाळी टाके घालायला बसू लागले. मोतीबिंदू पिकला तशी मी बोलणी काढली. आम्ही गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून सौदा करतो. तोंडचं बोलणं धरायचं नाही. बोट दाबलं की मात्र शब्द फिरवायचा नाही. मी दोन बोटं दिली, म्हणजे दोन्ही डोळे. त्यांनी एक मुडपलं. मी पुन्हा दोन, त्यांचं पुन्हा एक. "आधी एक करू, मग दुसऱ्याचं बघू," ते म्हणाले, आणि मी बोट दाबलं.

भूल देऊन त्यांनी भिंग काढलं. वाटाण्याएवढं, पांढरं. पंजानं डोळा ओरबाडू नये म्हणून गळ्याभोवती चिक्कीच्या खोक्याचा पुठ्ठा बांधला. मग तीन आठवडे दिवसातून चारदा छत्री घेऊन हजर: "अहो, थेंब घालू का?"

पुठ्ठा काढायच्या दिवशी बाजार लोटला. डॉक्टरांनी बोंबील दाखवला, ती वळली. "वासानं कुणीही वळेल!" मी भडकलो. त्यांनी चुटकी वाजवली, ती वळली. "आवाजानं!" मग त्यांनी माझ्याच खांद्यावरचं उपरणं ओढलं, रस्त्यापलीकडे गेले आणि मुकाट्यानं हलवू लागले. हवालदारणीची मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली. ती उठली, उभ्या बैलगाडीच्या चाकाला वळसा घालून थेट गेली आणि उपरण्याला लोंबकळली.

"पिकला रं पिकला!" आंबीकर नाचायलाच लागला. घासाघीस न करता मी पेढे आणले, ते त्या एकाच दिवशी.

घरी मात्र तिचं तोंड दुधाच्या बशीत न जाता चार बोटं अलीकडे आपटलं. मी तणतणत दवाखाना गाठला.

"भिंग काढलंय, अरे. लांबचं ओळखेल, जवळचं धूसरच राहणार. तुझी तर दोन्ही भिंगं शाबूत आहेत, तरी नाकापुढचं कुठं दिसतं?"

"मग दुसरा डोळा करा! तुम्ही म्हणाला होता!"

"वय झालंय तिचं, पुन्हा भूल सोसायची नाही. आणि तोंडचं बोलणं धरत नाही ना तुम्ही बाजारवाले? उपरण्याखाली बोट एकच होतं."

माझ्याच बाजाराच्या रिवाजानं मला असं कुणी चीत केलं नव्हतं. सहा महिने मी त्यांच्याशी धड बोललो नाही. त्या सहा महिन्यांत माझ्या गोदामात एक पोतं कुरतडलं गेलं नाही, ते वेगळं.

नोकरी संपली तेव्हा ते मुलीकडे नगरला निघाले. मी स्टेशनावर गेलो. गाडी हलायच्या आधी त्यांनी खिडकीतून हात काढून माझ्या उपरण्याखाली घातला, एक बोट दिलं आणि म्हणाले, "येतो, अहो." जनावरांच्या रांगेत बसवलं मला! मी ते बोट दाबलं.

हवालदारीण आता दुकानाच्या पायरीवर बसते. रस्त्याच्या टोकाला काळी छत्री दिसली की ताडकन उभी राहते. छत्री जवळ येते तशी धूसर होते. मग ती नाक पुढे करून हुंगते आणि पुन्हा बसते. तोवर मीही गादीवरून अर्धा उठलेला असतो.