हिरवा फाडून टाक

नागपुरात मी टिकलो तो आमच्या कलर लॅबमधल्या ताईंमुळे. हे आधी सांगतो, काय घडलं ते मागाहून. "तुमचं नाव लिहू का?" असं परवा विचारलं, तर म्हणाल्या, "कायले गा? मी काय इलेक्शनले उभी राहून राहिली?" म्हणून नुसतं ताई.

ताईंचं काम स्पॉटिंगचं. फोटोवर धुळीमुळे पांढरे ठिपके राहतात, ते केसाएवढ्या ब्रशनं रंग लावून बुजवायचे. दिवसभर एका डोळ्याला भिंग. पौर्णिमेला विहारात जाऊन त्या पांढऱ्या साडीतच कामावर यायच्या, आणि दिवसभर रंगांच्या बाटल्यांपासून पदर सांभाळत बसायच्या.

त्यांच्यासमोर माझं टेबल. फोटोच्या कडा कापायच्या, मोठा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवायचा, पाकिटं भरायची. आठवीत शाळा सोडलेला मी, रत्नागिरीकडच्या खेड्यातून रेल्वेतल्या एका गाववाल्याच्या ओळखीनं इथे आलो होतो. आईनं गावभर सांगून ठेवलं होतं, पोरगा फोटोच्या कंपनीत लागला. काम सुटलं तर कुठल्या तोंडानं घरी जाऊ, या धास्तीनं माझ्या हाताला सारखा घाम. फोटोवर ठसे उठू नयेत म्हणून मी हात पुन्हा पुन्हा शर्टाला पुसायचो.

जागाच तशी होती. तारेवर निगेटिव्ह लटकलेल्या, त्यांत नवरा-नवरीचे दात काळे, केस पांढरे. पंख्याच्या वाऱ्यानं ती माणसं एकमेकांकडे वळायची. आतल्या खोलीत मालक स्वतः निगेटिव्हवरून फोटो छापायचे, मिट्ट काळोखात. रंगीत फोटोच्या कागदाला बाहेरचा कुठलाच उजेड चालत नाही. भिंतीपलीकडून त्यांचा नुसता आवाज यायचा.

उन्हाळ्याचे दिवस होते. टाकीतलं पाणी इतकं तापायचं की फोटो धुण्याची औषधं थंड ठेवायला बर्फाची लादी आणावी लागे. एके दुपारी मालकांनी एका म्हाताऱ्या बाईचे दोन मोठे फोटो माझ्यापुढे टाकले. "एकावर हिरवी झाक मारली. हिरवा फाडून टाक, दुसरा चिकटव," म्हणाले आणि आत गेले.

मी दोन्ही पाहिले. एकच बाई, तेच नाकातलं, तेच किंचित हसू. एक थोडा फिका वाटला. तोच असेल, म्हणून कोपऱ्यापासून टरकन फाडला. दुसरा पुठ्ठ्यावर चढवून पाकिटात घातला.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा आला. जवळच्या खापा गावचा शेतकरी. घरी आईची तेरवी होती, तेराव्याचं जेवण, त्यासाठी फोटो हवा होता. पाकीट उघडून तो दोन पावलं मागे सरला.

"हे काय केलं गा तुम्ही?" आवाज अगदी हळू. "आमी माय जिती असतानाचा फोटू देल्ला होता. हे तर गेल्यावरची आहे."

मालकांनी फोटो हातात घेतला आणि त्यांचाही चेहरा उतरला. मी वाकून पाहिलं. मला बाई चांगली जिवंत दिसत होती. हसत होती.

"कोणं पाकिटात घातला हा?" मालक ओरडले.

मी हात शर्टाला पुसू लागलो. तेवढ्यात ताई भिंग बाजूला ठेवून उठल्या. "माह्या टेबलावरून गेला. ओलाच होता, ओल्यात रंग समजते काय? संध्याकाळपर्यंत दुसरा देऊ दादाले."

मालक पुटपुटत आत गेले. मी कचऱ्याच्या डब्यातून फाडलेला फोटो काढला, तुकडे जुळवले आणि दुसऱ्याशेजारी ठेवले. दोन म्हाताऱ्या माझ्याकडे बघत होत्या. एक जिवंत, एक मेलेली. त्यांतली जिवंत कुठली, ते मला सांगता येईना.

वाटलं, लोकांना मेलेलं दिसतं ते मला जिवंतच दिसतं. मग रस्त्यानं चालताना काय? खानावळीत शेजारी बसतो त्याचं काय? त्या दुपारी जेवायला गेलो तेव्हा वाढणाऱ्याच्या तोंडाकडे मी इतका टक लावून बघत राहिलो की तो म्हणाला, "काय बे, उधारी आहे का माह्यावर?"

परत आलो तर ताईंनी टेबलावर पाच-सहा संत्री मांडली होती. "पिकली कोणती सांग बरं?"

मी एक उचलायला गेलो. साल ढिली लागली की पिकलं, हे मला कळत होतं.

"अहं. हात न लावता."

मी बघत राहिलो. सगळी सारखीच. गावाकडे आंबा मी नाकानं ओळखायचो, त्यामुळे कुणाच्या, माझ्यासुद्धा, कधी लक्षात आलं नव्हतं.

"भुताटकी नाही गा हे," ताई म्हणाल्या. "तुह्या डोळ्याले हिरवा-लाल एकच, म्हणून हिरवं पडलेलं तोंड तुले जितं दिसलं. माह्या मामाचं असंच होतं, त्याले भरतीतून वापस पाठवलं."

"मालकांना सांगणार?"

"डोळे मीट." त्यांनी एकेक संत्रं माझ्या हातात दिलं. मी सांगत गेलो, पिकलं, कच्चं, कच्चं, पिकलं. एकही चुकलं नाही. ताई उठल्या आणि आतल्या दारावर टकटक केली. "भाऊ, तुम्ही कई दिवसाचे म्हणून राहिले अंधारात माणूस पाहिजे म्हणून. या पोराले घ्या. याची बोटं चांगली आहेत." एवढंच. डोळ्यांबद्दल अक्षर काढलं नाही.

त्याच दुपारी मी पहिल्यांदा त्या काळोखात शिरलो. मालक म्हणाले, "हलताना बोलत जा, नाहीतर धडकशील." म्हातारीचा फोटो पुन्हा छापायचा होता. निगेटिव्हमधून कागदावर क्षणभर उजेड पाडून त्यांनी तो माझ्या हातात दिला. फोटो धुणाऱ्या मशिनीत सोडायचा होता. गुळगुळीत बाजू बोटांना लगेच कळली. कागद कोरा होता, पण बाई त्यावर उतरलेली होती, अजून कुणालाच न दिसलेली. तिचा चेहरा दोन्ही तळव्यांवर घेऊन मी उभा होतो. आणि तिथे माझ्यात नि मालकांत काही फरक नव्हता.

फोटो बाहेर आला, वाळला. तो घेऊन मी ताईंसमोर गेलो. "जिवंत आहे का?"

त्यांनी खिडकीपाशी नेऊन पाहिला. "आहे गा. आता बोलन असं वाटते."

शेतकऱ्यानं फोटो छातीशी धरला आणि गेला. मी त्या काळोखात पुढे अनेक वर्षं काढली. त्यावर घर उभं राहिलं. ताई रोज संध्याकाळी मी आतून आणलेल्या फोटोंचे रंग नजरेखालून घालायच्या आणि फोटो पुढे सरकवायच्या, कधी शब्द न काढता.

आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करून घेत नाहीत. "पट्टी बांधली की अंधारात मले भेव वाटते," म्हणतात. ताई, एक दिवस तुम्ही हो म्हणाल, तेव्हा मी उशाशी येऊन बसेन. पट्टी सुटेपर्यंत हलणार नाही, आणि हललोच तर बोलत हलेन. अंधारात कसं राहायचं, तेवढं मला येतं.