पळसाचं पोटीस

धुळवडीच्या दिवशी सकाळपासून माझ्या बाबांची लघवी अडली होती, आणि घरात हे फक्त आईला माहीत होतं. मुलीपुढे असलं काही बोलायचं नाही, असा आमच्याकडचा दंडक. गिरगावातून भाईंदरला जेसल पार्कात आलो, तेव्हा निम्मी भांडी तिकडेच राहिली. हा दंडक मात्र नीट बांधून आणला होता.

मी तेव्हा कमर्शियल आर्टच्या शेवटच्या वर्षाला होते. सबमिशनसाठी औषधी रानफुलांची चित्रं करत होते, आणि त्यातला पळस माझा लाडका. घोडबंदरच्या बाजूच्या डोंगराखालून फुलांनी लगडलेली एक डहाळी आणून बाटलीत ठेवली होती. काळसर मखमली देठ आणि पोपटाच्या चोचीसारखी वाकडी, केशरी फुलं. चित्रात डाव्या बाजूला मी फुलाचा अर्थ लिहिला होता: जुन्या चित्रांत पळस फुलला की वसंत आला समजायचं, आणि नायिका एकटी असेल तर तोच पळस तिला भाजून काढतो. उजव्या बाजूला औषध: फुलं वाफवून ओटीपोटावर बांधली की अडलेली लघवी सुटते. अक्षर अगदी जीव ओतून काढलं होतं.

दुपारी रंग खेळून घरात आले तर डहाळीवर एक फूल नाही. माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरात आई चाळणीत फुलं वाफवत होती.

"आई, माझी फुलं आहेत ती! चित्र अर्धं राहिलंय!"

"ओरडू नकोस. बाबांना सकाळपासून लघवी होत नाहीये."

"मग डॉक्टरकडे न्यायचं सोडून हे काय करतेस?"

"तूच लिहिलंयस ना चित्रात?"

बाबा आतल्या खोलीत गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. चेहरा घामाने डबडबलेला. ओटीपोटावर फडक्यात बांधलेली माझी फुलं. मला बघून त्यांनी पटकन चादर ओढली.

"उष्णता झालीय, बाकी काही नाही. तू जा बाहेर."

"बाबा, हॉस्पिटलमध्ये जाऊया."

"नळी घालतील. दादाला घातली होती." दादा म्हणजे माझे मोठे काका. हीच तक्रार घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून बाबांच्या डोक्यात नळी म्हणजे शेवट, असं पक्कं बसलेलं. "अजून एक पोटीस लावू दे, मग बघू."

"फुलांनी हे होणार नाही."

"मग लिहिलंस कशाला? उगाच?"

डोंगराखालच्या बायकांकडून ऐकलं होतं, कुणाला गुण येतही असेल. पण चादरीखालून त्यांचं पोट माठासारखं वर आलेलं दिसत होतं, आणि माझी जाम तंतरली होती. आई दुसरा घाणा घेऊन आली. घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत नव्हती आणि माझ्या अक्षराला एवढी! त्या अक्षराचाच मला असा संताप आला की सांगता सोय नाही.

चित्राचा बोर्ड उचलून आणला आणि बाबांसमोर धरला. चपटा ब्रश पाण्यात बुडवला आणि औषधाच्या ओळीवरून खसाखसा फिरवला. पोस्टर कलर तो, लगेच सुटला. काळा ओघळ थेट फुलांवर उतरला.

"अगं, सबमिशन!" आई किंचाळली.

बाबांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढं वाईट आहे?"

"हो."

त्यांनी पोटावरचं फडकं सोडलं. मग ते आईला म्हणाले, "पँट दे माझी."

धुळवडीला रिक्षा मिळणं म्हणजे नवसच. नाक्यावर एक मिळाली, तिचा ड्रायव्हर नखशिखांत जांभळा. "भैया, धीरे चलाओ, गड्ढा बचाके," मी सारखी सांगत होते, आणि तो बिचारा "हां दीदी, हां" म्हणत जपून चालवत होता. तरी प्रत्येक गतिरोधकाला बाबा दांडी घट्ट धरून डोळे मिटायचे. एक फुगा येऊन माझ्या खांद्यावर फुटला. पुढच्या वळणावर पोरं बादली घेऊन उभी होती. मी त्यांना अशा शिव्या घातल्या की आई माझ्याकडे बघतच राहिली.

हॉस्पिटलात डॉक्टरांच्या कानामागे हिरवा रंग तसाच होता. त्यांनी पोटाला हात लावला आणि आम्हाला बाहेर काढलं. आम्ही दोघी बाकावर बसलो. आईच्या बोटांना पळसाचा पिवळा रंग लागला होता. ती पदराने तो पुसत राहिली, आणि आतून काही आवाज येतोय का, ते मी ऐकत राहिले.

नर्सने बोलावलं. बाबा उताणे पडले होते, कॉटला नळीची पिशवी लटकत होती, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

"बाबा, खूप दुखतंय का?"

"नाही गं," ते म्हणाले. "थांबलं दुखायचं."

मग मात्र मला रडू फुटलं, इतकं मोठ्याने, की नर्सने मला दंडाला धरून बाहेर काढलं.